लंडनमध्ये शिकताना इमारतींचा एक विषय: साताऱ्याहून निघणाऱ्यांसाठी

लाखांचं कर्ज काढून डेटा सायन्स नाहीतर फायनान्सचं एमएस्सी करायला गेलेल्या पोराने वास्तुकलेचा तास कशाला करायचा, हे साताऱ्यातल्या कुठल्याही घरात विचारलं जाईल. प्रश्न रास्तच आहे. या विषयाने नोकरी लागत नाही. आर्किटेक्ट तर मुळीच होता येत नाही. भारतात त्यासाठी पाच वर्षांची बी.आर्क. आणि कौन्सिल ऑफ आर्किटेक्चरची नोंदणी लागते, आणि ब्रिटनमध्येही नोंदणीची वाट वेगळी आणि लांब आहे. तरीही ज्यांच्या अभ्यासक्रमात एखादा ऐच्छिक विषय बाहेरून घ्यायची मुभा आहे, त्यांनी तो घ्यावा असं मी सांगतो. वर्षभर लंडनला राहून बहुतेक मुलं खोली, लायब्ररी, पार्टटाइम कामाची जागा आणि भारतीय किराणा दुकान एवढंच शहर बघून परततात. भाडं मात्र अख्ख्या लंडनचं भरतात. या विषयात शहर बघणं हाच गृहपाठ असतो, म्हणून ते एकदाचं होतं.

मी स्वतः सिव्हिलचा. पुढचं सगळं लंडन डोळ्यांसमोर ठेवून लिहिलं आहे. बर्लिन किंवा शिकागोला जाणाऱ्यांना पद्धत तीच लागू पडेल, इमारती बदलतील.

विषय नेमका कुठला, ते आधी बघा

वास्तुकलेचे विषय ढोबळमानाने दोन जातींचे असतात. एक स्टुडिओचे. त्यात डिझाइन करायचं, पुठ्ठ्याची मॉडेलं कापायची, रात्री जागायच्या आणि भिंतीवर ड्रॉइंग लावून सगळ्यांसमोर परीक्षण सोसायचं. बाहेरच्या विद्यार्थ्याला हे सहसा मिळत नाहीत, आणि मिळाले तरी घेऊ नका, मुख्य अभ्यासाचा बोजवारा उडेल. दुसरे इतिहास-सिद्धांताचे. आठवड्याला एक व्याख्यान, एक सेमिनार, अधूनमधून शहरात फेरी आणि शेवटी निबंध. आपल्याला हवा तो हा.

असे विषय वास्तुकलेच्याच विभागात असतात असं नाही. कलेचा इतिहास, भूगोल, शहर नियोजन, अगदी इतिहास विभागातही सापडतात. त्यामुळे विषयांच्या यादीत ‘आर्किटेक्चर’ टाकून थांबू नका. ‘लंडन’, ‘सिटी’, ‘अर्बन’, ‘बिल्ट एन्व्हायर्न्मेंट’ असंही शोधा. मला विचाराल तर ज्याच्या वर्णनात शहरातल्या फेऱ्या स्पष्ट लिहिलेल्या आहेत तोच निवडा. नुसत्या स्लाइड बघायच्या तर त्या साताऱ्यात बसूनही बघता येतात.

मग क्रेडिटचा हिशेब. ब्रिटनमध्ये मास्टर्स साधारण १८० क्रेडिटचं असतं आणि एक विषय बहुधा १५ क्रेडिटचा. एक क्रेडिट म्हणजे दहा तासांचं काम, म्हणजे १५ क्रेडिटचे १५० तास झाले. दहा आठवड्यांच्या सत्रात ते आठवड्याला पंधरा तास पडतात. त्यातले वर्गात जातात दोन-तीन. बाकीचे बारा वेळापत्रकात दिसतच नाहीत, आणि ऑक्टोबरमध्ये ‘हा विषय हलका आहे’ असं वाटतं ते त्यामुळेच.

परवानगी दोन ठिकाणची लागते. तुमच्या कोर्सच्या संचालकांची आणि तो विषय शिकवणाऱ्यांची. दोन्ही ईमेलवर लेखी घ्या. जागा थोड्या असतात आणि नोंदणी सत्राच्या पहिल्या-दुसऱ्या आठवड्यात बंद होते, म्हणून ईमेल ऑगस्टमध्येच जाऊ द्या. त्यात स्वतःची थोरवी नको. मी अमुक कोर्सला येतोय, वास्तुकलेचं औपचारिक शिक्षण नाही, तुमच्या विषयाच्या वर्णनातला अमुक भाग मला का ओढतो, आणि पूर्वतयारी म्हणून काय वाचू, एवढं पुरे. सहा ओळी.

इथल्या कॉलेजच्या करारातून एकाच सत्रासाठी जात असाल, तर तो विषय परत आल्यावर धरला जाणार का हे निघण्याआधी इथेच लेखी ठरवून घ्या. विषयाचं पूर्ण वर्णनपत्रक, तासांसकट, विभागप्रमुखांकडे द्या. नंतर ‘आमच्याकडे याला समकक्ष विषय नाही’ हे ऐकण्यापेक्षा हे बरं.

परवानगी नाही मिळाली तर? शिकवणाऱ्यांना नुसतं बसू द्याल का म्हणून विचारा. बरेच जण हो म्हणतात. गुण मिळत नाहीत, पण फेऱ्यांना जाता येतं. तेही जमलं नाही तर ग्रेशम कॉलेज आहे. १५९७ पासून लंडनकरांसाठी मोफत व्याख्यानं देणारी ही संस्था आजही ती देते, आणि ऑनलाइनही ठेवते. बेडफर्ड स्क्वेअरमधल्या आर्किटेक्चरल असोसिएशनच्या, म्हणजे १८४७ साली सुरू झालेल्या वास्तुकला-शाळेच्या, जाहीर व्याख्यानांकडेही लक्ष ठेवा. त्या निमित्ताने बेडफर्ड स्क्वेअर बघून होईल. अठराव्या शतकातला अख्खा चौक जवळपास जसाच्या तसा उभा आहे.

तयारी साताऱ्यातच करायची

हा भाग लोक सोडून देतात. व्हिसाची कागदपत्रं, थर्मल कपडे, प्रेशर कुकर, कंदी पेढे यांतच जुलै संपतो. पण पहिल्या सेमिनारमध्ये समोरची मुलं लहानपणापासून पाहिलेल्या चर्चबद्दल बोलत असतात आणि आपल्याकडे बोलायला काही नाही असं वाटून आपण गप्प बसतो. वास्तविक आपल्याकडे भरपूर असतं. ते कधी नीट बघितलेलं नसतं एवढंच.

एक जुना वाडा निवडा. मंगळवार पेठेत, शनिवार पेठेत, चिमणपुऱ्यात अजून आहेत. नातेवाइकांचा असेल तर उत्तम. नसेल तर मालकांना रीतसर विचारा, आणि घरात आजी असतील तर आधी त्यांना विचारा, कारण कुठली भिंत कधी पाडली आणि माडी कुणी चढवली हे त्यांनाच ठाऊक असतं. पाच मीटरची टेप, आखलेली वही आणि सोबत एक माणूस एवढ्यावर काम होतं. सकाळी जा.

सुरुवात जोत्यापासून करा. रस्त्यापासून ते किती उंच आहे, किती पायऱ्या आहेत, दगड घडीव की ओबडधोबड. मग दिंडी दरवाजातून आत, ओसरी, चौक, सोपा, माजघर. वाडा खणांत मोजतात, म्हणजे दोन खांबांमधलं अंतर हे एकक. ते अंतर टेपने घ्या आणि सगळीकडे सारखं आहे का ते बघा. फार रुंद खण सापडणार नाही, कारण सागवानी तुळई त्याहून लांब मिळत नव्हती किंवा परवडत नव्हती. खांबाखाली दगडी तळखडा का आहे? लाकूड जमिनीतली ओल पिऊ नये म्हणून. खाली दगड किंवा वीट आणि वर मातीच्या भेंड्यांची भिंत का? वजन आणि खर्च. चौकातलं पावसाचं पाणी कुठून बाहेर जातं ते शोधा, मोरीपर्यंत चालत जा. शेवटी हाताने नकाशा काढा. बेढब आला तरी चालेल, मापं लिहिलेली हवीत.

हे एकदा केलं की इमारतीला विचारायचे चार प्रश्न हातात येतात: पैसे कुणी दिले, आधी इथे काय होतं, पाणी कुठे जातं, आणि असंच बांधायला कुणी किंवा कशाने भाग पाडलं. पुढे वर्षभर मी जे सांगणार आहे ते याच चार प्रश्नांभोवती फिरतं. गॉथिक, बरोक, ब्रुटॅलिस्ट ही शैलींची लेबलं नंतर आपोआप चिकटतात. ती आधी पाठ करणारा विद्यार्थी इमारत न बघता लेबल शोधत बसतो.

वाड्यानंतर दोन ठिकाणं करा. लिंबची बारा मोटेची विहीर अर्ध्या तासावर आहे. अठराव्या शतकात वीरूबाई भोसले यांनी बांधवून घेतलेली. रील काढायला गर्दी असते, तर तुम्ही सकाळी लवकर जा आणि वर मोटेच्या धावा कुठे होत्या, बैल कुठून कुठे चालत असतील, आणि एकावेळी इतक्या मोटांचं पाणी कुठे जात असेल, याचं चित्र काढा. दुसरं वाई. कृष्णाकाठच्या ढोल्या गणपतीच्या मागे जा. १७६२ मध्ये रास्त्यांनी बांधलेल्या या देवळाची मागची भिंत टोकदार, माशासारखी आहे, पुराचं पाणी तिच्यावर दुभंगून दोन्ही बाजूंनी निघून जावं म्हणून. पुढून दर्शन घेणाऱ्या बहुतेकांनी ती पाहिलेलीच नसते. परत येताना मेणवलीला नाना फडणवीसांचा वाडा आणि घाट बघता आला तर बघा.

या दोन्हींचे मापांसह कच्चे नकाशे सोबत न्या. सेमिनारमध्ये पूर, नदी आणि इमारत असा विषय निघाला की वाईची ती भिंत फळ्यावर काढून दाखवा. पुढच्या आठवड्यापासून प्राध्यापक तुमच्याकडे बघून प्रश्न विचारतील.

सामान

थोडंच. मजबूत पुठ्ठ्याची ए-फाइव्ह आकाराची कोरी वही, टू-बी पेन्सिल, पाच मीटरची स्टीलची टेप, बोटं उघडी राहतील असे हातमोजे आणि पाणी न शिरणारे बूट. पेन नको. पावसात शाई पसरते आणि बऱ्याच संग्रहालयांत चित्र काढायला फक्त पेन्सिलची मुभा असते. महागडा कॅमेरा न्यायची गरज नाही.

इमारतीपुढे उभं राहिल्यावर

पहिली दहा मिनिटं फोन खिशात. समोरच्या फुटपाथवर जा, पाठ भिंतीला लावा आणि नुसतं बघा. मग वहीत एक चौकट काढून इमारतीचा ढोबळ आकार त्यात बसवा. चित्र चांगलं यायला हवं असं काही नाही. काढताना खिडक्या मोजाव्या लागतात, आणि मोजताना लक्षात येतं की तिसऱ्या मजल्याच्या खिडक्या पहिल्यापेक्षा बुटक्या आहेत. फोटोत हे कधी लक्षात येत नाही.

उंची काढायची सोपी युक्ती म्हणजे विटांचे थर मोजायचे. सांध्यासकट चार थर म्हणजे जवळपास एक फूट, जुन्या विटांत थोडं कमी-जास्त. डिप्लोमावाल्यांना बाँड, म्हणजे विटा रचायच्या पद्धती, माहीतच असतात. एकाच थरात आडवी (लांब बाजू दिसणारी) आणि उभी (नुसतं टोक दिसणारी) वीट आलटून-पालटून दिसली तर फ्लेमिश, एक थर सगळा आडव्यांचा आणि एक सगळा उभ्यांचा तर इंग्लिश. सगळेच थर नुसत्या आडव्या विटांचे असतील तर ती बहुधा आत पोकळी सोडलेली विसाव्या शतकातली भिंत आहे. परीक्षेपुरते पाठ केलेले हे बाँड लंडनच्या गल्लीत इमारतीचं वय सांगायला लागतात तेव्हा मजा येते.

लंडनमध्ये सगळ्यात जास्त शिकवतात ती साधी, एकमेकांना चिकटलेली रांगेतली घरं. बिग बेन आणि टॉवर ब्रिज रविवारी पाहून टाका. अभ्यासासाठी मात्र तुम्ही राहता त्याच भागातली एक ओळ घ्या. १६६६ च्या आगीत लाकडी लंडन जळालं आणि पुढच्याच वर्षीच्या कायद्याने वीट नाहीतर दगड सक्तीचा झाला. १७०७ च्या कायद्याने छपराखालची लाकडी पट्टी काढायला लावली, म्हणून भिंत छपराच्या वर कठड्यासारखी चढली. १७०९ च्या कायद्याने खिडकीची लाकडी चौकट भिंतीच्या दर्शनी पातळीपासून चार इंच आत सरकवायला सांगितली. हे कायदे शहराच्या मध्यभागापुरते होते, पण सवय सगळीकडे पसरली. १७७४ च्या कायद्याने घरांच्या आकार-किमतीप्रमाणे चार प्रती पाडल्या आणि चौकट विटेच्या मागे लपवायला लावली. त्यामुळे खिडकी किती आत आहे आणि लाकूड किती दिसतं, एवढ्यावरून घर साधारण कुठल्या काळातलं ते ओळखता येतं. हा सगळा डोलारा आगीच्या भीतीवर उभा आहे, सौंदर्यदृष्टी त्यात नंतर आली.

इथे एक सावधगिरी. बुजवलेली खिडकी दिसली की कुठलाही गाइड १६९६ ते १८५१ च्या खिडकीकराची गोष्ट सांगतो. कर खरा होता, त्यापायी खिडक्या बुजवल्याही गेल्या. पण कित्येक ठिकाणी ती जागा पहिल्यापासूनच बंद बांधलेली असते, आत धुराडं असतं आणि बाहेरून ओळ सारखी दिसावी म्हणून खिडकीचा नुसता आकार दिलेला असतो. निबंधात करावर बोट ठेवण्याआधी आत काय आहे ते तपासा.

आता मोठ्या इमारतींतली एकच सांगतो, कारण सिव्हिल-मेकॅनिकलवाल्यांना ती हमखास पटते. किंग्ज क्रॉस आणि सेंट पँक्रस ही दोन स्टेशनं शेजारी-शेजारी आहेत. पहिलं १८५२ चं, दुसरं १८६८ चं. उत्तरेकडे दोघांच्याही वाटेत रीजंट्स कॅनॉल आडवा येतो. किंग्ज क्रॉसचे रूळ कालव्याखालून नेले, म्हणून ते स्टेशन रस्त्याच्या पातळीवर आहे. सेंट पँक्रसचे कालव्यावरून नेले, म्हणून फलाट बराच उंचावर आला आणि त्याखाली भलंमोठं तळघर मोकळं मिळालं. त्या तळघरात बर्टनहून येणारी बिअरची पिंपं ठेवायची ठरली, आणि लोखंडी खांबांमधलं अंतर त्या पिंपांच्या मापावरून ठरवलं. वर विल्यम बार्लो या अभियंत्याने सुमारे ७३ मीटर रुंदीची कमान एका झेपेत टाकली, मध्ये एकही खांब नाही. कमानीचे पाय बाहेर फाकू नयेत म्हणून फलाटाच्या खालच्या तुळयाच ताणपट्टीसारख्या वापरल्या. एका कालव्यापासून निघालेली ही सगळी साखळी तुम्हाला उभ्या उभ्या दिसते. आज पिंपांच्या जागी दुकानं आणि युरोस्टारचे प्रवासी आहेत. साताऱ्यात वाड्याचे खण मोजलेल्याला इथले खण मोजायचा मोह आवरत नाही, आणि आवरू नये.

सेंट पॉल्स कॅथेड्रलला जाल तेव्हा घुमटाचा छेद, म्हणजे तो उभा कापला तर आत कसा दिसेल ते चित्र, आधी बघून जा. आतून दिसतो तो एक, बाहेरून दिसतो तो दुसरा, शिशाने मढवलेला लाकडी, आणि दोघांच्या मध्ये वरचा दगडी मनोरा पेलणारा विटांचा शंकू. आत जायला तिकीट आहे. संध्याकाळच्या गायन-प्रार्थनेला मात्र पैसे पडत नाहीत, फक्त ती प्रार्थना आहे हे लक्षात ठेवून बसायचं आणि फोटो काढायचे नाहीत. वास्तुकार सर जॉन सोन यांचं घर-संग्रहालय मोफत आहे. १८३३ च्या खास कायद्याने ते होतं तसं राखलेलं आहे. उजेड आरशांतून आणि छतातल्या रंगीत काचांतून कसा आणला आहे ते ढगाळ दिवशी बघा, उन्हाच्या दिवशी कुणालाही जमतं. सप्टेंबरमधला ओपन हाऊसचा महोत्सव चुकवू नका. एरवी बंद असलेल्या कितीतरी इमारती तेव्हा मोफत उघडतात. काहींचं आरक्षण आधी करावं लागतं, त्यामुळे विमानातून उतरल्या उतरल्या यादी काढा.

‘आधी इथे काय होतं’ हे कसं शोधायचं

या बाबतीत लंडन अभ्यासूला लाडावून ठेवतं. घरबसल्या, फुकट. नॅशनल लायब्ररी ऑफ स्कॉटलंडच्या संकेतस्थळावर ऑर्डनन्स सर्व्हे या ब्रिटनच्या सरकारी नकाशा-संस्थेचे जुने नकाशे आजच्या नकाशाशेजारी ठेवून बघता येतात. चार्ल्स बूथ यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस गल्लीगणिक गरिबी-श्रीमंती रंगवून काढलेले नकाशे लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्सने खुले ठेवले आहेत. तुमच्या खोलीची गल्ली कुठल्या रंगाची होती ते आधी बघा. ‘सर्व्हे ऑफ लंडन’चं काम १८९४ पासून चालू आहे आणि त्यात एकेका रस्त्यावरच्या घरांचा इतिहास मिळतो. संरक्षित इमारतींची अधिकृत यादीही ऑनलाइन आहे, पहिल्या दर्जाची कुठली आणि का, ते तिथे लिहिलेलं असतं.

क्रम असा ठेवा: आधी स्वतः बघा, मग नकाशा, मग यादी, आणि सगळ्यात शेवटी पुस्तक. उलट केलं की डोळे पुस्तकात वाचलेलंच शोधतात.

सातारकरासाठी एक जागा तर हक्काची. १८३९ मध्ये कंपनीने छत्रपती प्रतापसिंह महाराजांना गादीवरून दूर केलं, आणि त्यांची बाजू मांडायला रंगो बापूजी गुप्ते लंडनला गेले. तेरा-चौदा वर्षं तिथे झगडले. ज्यांच्याशी झगडले त्या कंपनीचं मुख्यालय, ईस्ट इंडिया हाऊस, लेडनहॉल स्ट्रीटवर होतं. १८६१ मध्ये ते पाडलं. आज त्या जागेवर लॉइड्स या विमा-बाजाराची इमारत आहे. रिचर्ड रॉजर्स यांची, १९८६ ची, नळ, जिने आणि लिफ्ट सगळं बाहेर काढलेली, आणि २०११ पासून पहिल्या दर्जाची संरक्षित वास्तू. लेडनहॉल स्ट्रीटच्या बाजूला १९२५ च्या जुन्या इमारतीचा दगडी दर्शनी भाग तेवढा ठेवलेला आहे. एका प्लॉटवर तीन थर. व्याख्यानात लॉइड्सचा विषय सहसा नळ आणि पोलाद यांवर येऊन थांबतो. तुम्ही जमिनीखालचा थर काढा.

समोरच त्याच वास्तुकाराच्या कार्यालयाची २०१४ ची तिरकी इमारत आहे. फ्लीट स्ट्रीटवरून दिसणारा सेंट पॉल्सचा घुमट झाकला जाऊ नये म्हणून तिला मागे कलावं लागलं. असंच बांधायला कुणी भाग पाडलं, याचं हे झकास उत्तर.

दुसरी जागा १०, किंग हेन्रीज रोड. साताऱ्याच्या ज्या सरकारी हायस्कूलात, म्हणजे आजच्या प्रतापसिंह हायस्कूलात, १९०० साली डॉ. आंबेडकरांचं नाव दाखल झालं, ती शाळा आपण येता-जाता बघतो. १९२१-२२ मध्ये लंडनला शिकताना ते या घरात राहिले. २०१५ मध्ये महाराष्ट्र सरकारने ते विकत घेऊन तिथे संग्रहालय केलं. लोक दर्शन घेऊन निघून येतात. विषय घेतलेल्याने थांबून दोन गोष्टी कराव्यात. घर रांगेतलं आहे, तर शेजारच्या घरांशी ताडून बघावं. आणि नियोजन परवानगीची कहाणी वाचावी. राहत्या घराचं संग्रहालय करायला कॅम्डेन कौन्सिलने, म्हणजे तिथल्या स्थानिक पालिकेने, आधी नकार दिला होता, अपील झालं आणि मार्च २०२० मध्ये परवानगी मिळाली. इंग्लंडमध्ये नियोजनाचे अर्ज, नकाशे आणि शेजाऱ्यांच्या हरकती कौन्सिलच्या संकेतस्थळांवर सगळ्यांना बघायला असतात. एका घराचा वापर बदलताना कोण कुठल्या शब्दांत विरोध करतं हे त्यातून कळतं, आणि हा निबंधाचा कच्चा माल आहे.

तिसरी, ब्रिक लेनवरची मशीद. १७४३ मध्ये फ्रान्समधून आलेल्या प्रोटेस्टंट निर्वासितांचं चर्च म्हणून बांधली, पुढे मेथॉडिस्टांकडे गेली, १८९८ मध्ये सिनेगॉग झाली आणि १९७६ पासून मशीद आहे. आत जायचं तर नमाजाची वेळ टाळून आणि विचारून.

सेमिनार आणि निबंध

प्राध्यापकांना तिथे पहिल्या नावाने हाक मारतात. पहिले दोन आठवडे जिभेवर ‘सर’ येईल, जाऊ द्या. न वाचता येऊन ऐकणं मात्र खपत नाही. आठवड्याला दोन-तीन प्रकरणं असतात, आणि वास्तुकलेचं लेखन मुद्दाम जड लिहिल्यासारखं वाटतं. वाचताना इमारतीचा छेद किंवा नकाशा शेजारी उघडा ठेवा आणि प्रत्येक वाक्य चित्रात कुठे आहे ते बोटाने दाखवता येतं का बघा. जे दाखवता येत नाही त्यावर वर्गात प्रश्न विचारा. असे प्रश्न सगळ्यांनाच पडलेले असतात.

निबंधात आपल्या मुलांचे गुण जातात ते एकाच कारणाने, ते वर्णन करतात. ‘बार्बिकन: एक अभ्यास’ हा विषय होत नाही. १९४० च्या बॉम्बहल्ल्यात उद्ध्वस्त झालेल्या जागेवर ही वसाहत उभी राहिली हे सगळ्यांना माहीत आहे. ‘बार्बिकनचे पादचारी मार्ग रस्त्यापासून वर उचलल्यामुळे बाहेरच्याला आत शिरायचं दार सापडत नाही, आणि ही अडचण मूळ आराखड्यातूनच आली आहे’ हा विषय होतो, कारण यावर कुणीतरी नाही म्हणू शकतं. एका वाक्यात असा दावा लिहा आणि तिसऱ्या-चौथ्या आठवड्यातच प्राध्यापकांच्या भेटीच्या वेळेत तो दाखवा. मग पुरावे. स्वतः काढलेली आकृती आणि स्वतः घेतलेलं माप हा तिथे भक्कम पुरावा मानतात, उतरवून घेतलेल्या उताऱ्यापेक्षा जास्त. प्रत्येक चित्राखाली ते कुणी, कुठे, कधी काढलं ते लिहा. वहीच्या प्रत्येक पानावरही तारीख आणि जागा टाकत जा. दुसऱ्याचं वाक्य संदर्भाशिवाय आलं तर सॉफ्टवेअर पकडतं, आणि एआयच्या वापराचे नियम प्रत्येक विभागाचे वेगळे असतात, ते पहिल्याच आठवड्यात वाचून ठेवा.

ऊन, वेळ, पैसे

ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी घड्याळं तासभर मागे जातात आणि डिसेंबरात चार वाजायच्या आत सूर्य मावळतो. बाहेरची मोजमापं, रेखाटनं आणि फोटो ऑक्टोबर संपायच्या आत उरका, वाचन नोव्हेंबरसाठी ठेवा. विद्यार्थी व्हिसावर सत्र चालू असताना आठवड्याला वीस तासांपर्यंतच काम करता येतं. शिफ्ट घेताना फेरीचा वार आधी मालकाला सांगून मोकळा ठेवा.

प्रवासासाठी अठरा वर्षांवरील विद्यार्थ्यांचं ऑयस्टर (लंडनच्या बस-ट्यूबचं प्रवासकार्ड) फोटोकार्ड काढलं तर ट्रॅव्हलकार्ड आणि बसपासवर ३० टक्के सूट मिळते. रोज जात नसाल तर पास नका काढू. त्याऐवजी १६-२५ रेलकार्ड ऑयस्टरला जोडून घ्या, गर्दीच्या वेळा सोडून भाडं एक तृतीयांशाने कमी पडतं. बसच्या वरच्या मजल्यावर अगदी पुढची सीट मिळवा. वरच्या मजल्याच्या खिडक्या आणि कॉर्निस, म्हणजे भिंतीतून पुढे आलेली आडवी नक्षीपट्टी, डोळ्यांच्या पातळीवर येतात.

रस्त्यावरून इमारतीचा फोटो काढायला कुणाची परवानगी लागत नाही. पण कॅनरी व्हार्फसारखे काही भाग सार्वजनिक दिसले तरी खासगी मालकीचे असतात. तिथे ट्रायपॉड किंवा लांब टेप काढली की सुरक्षारक्षक येतो. वाद घालू नका, विद्यार्थी ओळखपत्र दाखवा, आणि नाहीच म्हणाला तर पावलांनी मोजा. ती जागा कुणाच्या मालकीची आहे आणि तिथे कुणाला थांबू देत नाहीत, हे वहीत लिहा. निबंधात ते वापरता येतं.

गुण

मास्टर्सला ५० ला उत्तीर्ण, ६० ला मेरिट आणि ७० ला डिस्टिंक्शन धरतात. ८० च्या वर निबंधाला क्वचितच कुणी जातं. इकडे दहावीला ९४ टक्के म्हणजे ‘थोडक्यात गेलं’ असं समजणाऱ्या घरात ६६ ऐकून फोनवर शांतता पसरते. ६६ चांगले आहेत, हे निकालाच्या आधीच आई-बाबांच्या कानावर घालून ठेवा. आणि निकालानंतर निबंधावरचे शेरे उतरवून घ्या, त्यासाठीची वेबसाइट कोर्स संपल्यावर काही काळाने तुमच्यासाठी बंद होते.